दोन फुटांच्या पेटीतली बाग

घरातल्या छोट्या काचपेटीत जिवंत वनस्पती का टिकत नाहीत, या प्रश्नाची आपल्याकडे दोन ठाम उत्तरं मिळतात. एक उत्तर असं: चांगला दिवा लावा, कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर जोडा, खतं मोजून द्या आणि दर आठवड्याला निम्मं पाणी बदला. दुसरं उत्तर असं: तळाला माती घाला, दिवा मंद ठेवा, चिवट वनस्पती भरपूर लावा आणि सारखा हात घालू नका. दोन्ही बाजूंच्या जाणत्या माणसांच्या पेट्या हिरव्यागार असतात. शेवाळ माजतं ते दोन्हींतलं अर्धं अर्धं उचलणाऱ्यांच्या पेटीत. बहुतेक नवखी माणसं नेमकी इथेच फसतात, असं माझं मत आहे. म्हणून ही दोन मतं मी एका मावशी-भाच्याच्या तोंडी देऊन समोरासमोर बसवली आहेत. मावशी कोल्हापूरची, शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेली. तिची पेटी दीड फुटी, मातीवरची. भाचा पुण्यात नोकरी करतो. त्याची पेटी दोन फुटी, साधारण ६० लिटर पाण्याची, सिलिंडरवरची.

भाचा: मावशी, तुझी ही पेटी मी दिवाळीत पाहिली होती. आज पुन्हा पाहतोय, तर फरकच नाही. अनुबियासला दोन पानं जास्त आली असतील, एवढंच. माझ्याकडची रोटाला आठवड्यात पाण्याच्या वर डोकं काढते. छाटली की एकाच्या दोन फांद्या फुटतात आणि बघता बघता झुडूप होतं. बाग अशी वाढती हवी.

मावशी: वाढते हे खरं. कशाच्या जोरावर वाढते ते सांग आधी.

भाचा: कार्बनच्या. वनस्पतीच्या कोरड्या वजनात चाळीस टक्क्यांच्या वर कार्बनच असतो. जमिनीवरच्या झाडाला तो हवेतून मिळतो, आणि वारा सतत नवी हवा आणून देतो. पाण्यात वायू पसरण्याचा वेग हवेतल्यापेक्षा सुमारे १०,००० पटींनी कमी. पानाला लागून पाण्याचा जो पातळ स्थिर थर असतो, त्यातला कार्बन डायऑक्साइड पान चटकन संपवतं आणि मग वाट बघत बसतं. मुळात साठाही तुटपुंजा. नुसत्या हवेच्या संपर्कातल्या पाण्यात तो लिटरला अर्ध्या-पाऊण मिलिग्रॅमच्या आसपास असतो. सिलिंडर जोडून मी तो वीस ते तीस मिलिग्रॅमवर ठेवतो. वनस्पतीची खरी उपासमार होते ती इथे. बाकीचं सगळं नंतर.

मावशी: हे मी मुलांना दाखवत आले आहे. चंचुपात्रात पाणी, त्यात हायड्रिलाच्या फांद्या, त्यांवर उपडं नरसाळं, नरसाळ्याच्या नळीवर पाण्याने भरलेली परीक्षानळी. उन्हात ठेवलं की बुडबुडे सुरू.

भाचा: आणि त्या पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकायचात ना? तो कशाला?

मावशी: बुडबुडे वाढावेत म्हणून. सोड्यातून कार्बन मिळतो.

भाचा: म्हणजे माझंच म्हणणं तू आयुष्यभर वर्गात सिद्ध करून दाखवत होतीस!

मावशी: अर्धंच. प्रयोगाचा दुसरा भाग ऐक. दिवा जवळ आणला की बुडबुडे वाढतात. आणखी जवळ आणला की आणखी वाढतात. मग एक हद्द येते. त्यापुढे दिवा काचेला टेकवलास तरी बुडबुडा वाढत नाही, कारण आता कार्बन कमी पडतोय. अनेक गोष्टी लागत असतील तेव्हा जी सर्वांत तोकडी, तीच वेग ठरवते, हे ब्लॅकमन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९०५ साली मांडलं. आपल्या जगदीशचंद्र बोसांनी याच हायड्रिलावर वर्षानुवर्षं काम केलं. बुडबुडे आपोआप नोंदवणारं यंत्र त्यांनी स्वतः बनवलं आणि १९२४ साली प्रकाशसंश्लेषणावर पुस्तक लिहिलं. आता या एकाच नियमावरून दोन वाटा निघतात. तू म्हणतोस, कार्बन तोकडा आहे तर तो वाढवू. मी म्हणते, कार्बन आहे तेवढाच राहू दे, दिवा त्याच्या मापाने कमी करू. दिवा लावणं म्हणजे पानांना पंगतीला बसवणं आहे. वाढायला काही नसेल तर बसवू नये.

भाचा: पण मग पंगत लहानच राहणार.

मावशी: राहू दे लहान.

इथे मध्येच बोलायला हवं. दुकानातून पेटी आणणारा माणूस सहसा पहिला खर्च दिव्यावर करतो, कारण दिव्याने पेटी त्याच संध्याकाळी सुंदर दिसते. कार्बन वाढवलेला नाही, वनस्पती मोजक्या, आणि दिवा सकाळी सातपासून रात्री अकरापर्यंत. वनस्पतीला तो सगळा प्रकाश वापरता येत नाही. शेवाळाच्या गरजा फार कमी, त्यामुळे उरलेला प्रकाश त्याच्या कामी येतो. मग शेवाळ मारण्याचं औषध आणलं जातं, आणि त्या औषधाने आधीच अशक्त झालेली वनस्पतीही जाते. टायमर लावून दिवा सहा तासांवर आणणं हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. तो सांगणारी माणसं कमी भेटतात, ही खेदाची गोष्ट आहे. पेटी खिडकीजवळ असेल तर थेट ऊनही त्या हिशेबात धरायचं.

भाचा: दिवा कमी ठेवला की तुझ्याकडे काय काय लावता येतं? चारच नावं उरतात.

मावशी: चाराहून बरीच जास्त. तुझी रोटाला, किंवा शेवाळासारखं दिसणारं ते मॉस, यांना विरघळलेला कार्बन डायऑक्साइडच लागतो. हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया, हॉर्नवर्ट यांना बायकार्बोनेटही वापरता येतं. सोडा टाकल्यावर हायड्रिला खूश होते ती त्यामुळेच. बोअरच्या जड पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असतं. ज्या पाण्याला लोक नावं ठेवतात त्यातच व्हॅलिस्नेरिया पसरत जाते. तिच्या पट्ट्या फूटभर वाढतात, तळातून धावते फुटतात आणि वर्षात मागची भिंत झाकली जाते. सावकाश वाढणाऱ्यांत जावा फर्न, अनुबियास आणि क्रिप्टोकोरीन. क्रिप्टोकोरीनच्या काही जाती तर आपल्या कोकणातल्या ओढ्यांत आहेत. शिवाय बाकोपा, म्हणजे आपली नीरब्राह्मी. ही चिखलात, उथळ पाण्यात वाढणारी. पेटीतही उभी वाढते.

भाचा: आणि ही पद्धत छोट्या पेटीत चालते याला आधार?

मावशी: पहिला आधार १८५० चा. रॉबर्ट वॉरिंग्टन नावाचे लंडनचे रसायनशास्त्रज्ञ. बारा गॅलनचं, म्हणजे सुमारे ५५ लिटरचं काचपात्र, तळाला वाळू, माती आणि दगड, त्यात व्हॅलिस्नेरिया आणि दोन छोटे गोल्डफिश. जुनी पानं कुजून पाणी गढुळायला लागलं, तेव्हा त्यांनी तळ्यातल्या गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकं खाल्लं आणि पेटी सावरली. हे त्यांनी केमिकल सोसायटीपुढे वाचलं. ना पंप, ना सिलिंडर. आणि माप बघ, जवळजवळ तुझ्याच पेटीचं. आमच्या काळातला आधार डायना वॉल्स्टड या अमेरिकन लेखिकेचा. तिचं पुस्तक १९९९ चं. मातीतले जिवाणू सेंद्रिय द्रव्य कुजवतात, त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो. माशांच्या उत्सर्गातून अमोनिया येतो, आणि पाणवनस्पती तो नायट्रेटच्या आधी उचलतात. म्हणजे पाणी गाळायचं निम्मं काम वनस्पतीच करते.

भाचा: माझा आधार ताकाशी अमानो. जपानच्या निइगाताचे. १९५४ मध्ये जन्म, २०१५ मध्ये गेले. मुळात छायाचित्रकार. दगड, लाकूड आणि वनस्पती यांची निसर्गातल्यासारखी मांडणी पेटीत करायची ही त्यांची दृष्टी. कार्बन डायऑक्साइड, भरपूर प्रकाश, पोषक तळ आणि शेवाळ खाणारी कोळंबी हे सगळं त्या दृष्टीसाठी होतं. लिस्बनच्या मत्स्यालयात त्यांनी २०१५ मध्ये ४० मीटर लांबीची, १ लाख ६० हजार लिटरची पाण्याखालची जंगलं उभी केली. पेटीकडे बघून माणूस थबकतो ते असं काही पाहिल्यावर. तुझ्या पद्धतीने ते झालं नसतं.

मावशी: नसतंच झालं. अमानोंचं काम मला मनापासून आवडतं. पण तशी पेटी सांभाळायला माणसं नेमावी लागतात. तुझ्याकडे तू एकटा आहेस आणि तुझं ऑफिस आहे.

भाचा: रोजची पाच-दहा मिनिटं आणि रविवारचा एक तास. ती वेळ मला आवडते. तेवढंच घरात एक काम असं आहे की ज्यात फोन हातात नसतो.

मावशीकडे याला उत्तर नव्हतं, आणि ते नसावंच. छंदात वेळ जातो ही तक्रार करण्यासारखी गोष्ट नाही.

भाचा: बरं, एक सांग. मी दुकानातून क्रिप्टोकोरीन आणली, लावली, आठवड्यात सगळी पानं वितळून गेली. तुझ्याकडेही असं होतं?

मावशी: होतं. तू काय केलंस?

भाचा: मी मुळं तशीच ठेवली. एका मित्राने मात्र उपटून फेकली.

मावशी: तू बरोबर केलंस. पंधरा दिवसांत, फार तर महिन्यात कोंब येतो. पाणी बदललं, जागा बदलली, दिवा बदलला की ती पानं टाकते. मूळ घट्ट आणि पांढरट असेल तर ती जिवंत आहे. वितळलेली पानं तेवढी काढून टाकायची, नाहीतर कुजून पाणी बिघडवतात.

या प्रश्नावर दोघांचं एकमत आहे, आणि नवख्यांसाठी तो सर्वांत महत्त्वाचा आहे. विक्रीच्या बऱ्याच वनस्पती रोपवाटिकेत मुळं ओली आणि पानं हवेत अशा अवस्थेत वाढवलेल्या असतात. तसं केलं की वाढ लवकर होते आणि शेवाळ लागत नाही. ती पानं हवेसाठी घडलेली असतात, पाण्याखाली त्यांचा उपयोग फारसा नाही. त्यामुळे पेटीत गेल्यावर ती पिवळी पडून गळणारच. वनस्पती जगली की नाही हे जुन्या पानांवरून ठरवू नये. शेंड्याला येणारं नवं पान पाहावं. ते स्वच्छ, सरळ आणि रंगाने ताजं असेल तर काम झालं. अनुबियास आणि जावा फर्नचं आडवं जाड खोड मात्र वाळूत पुरू नये, ते सडतं. दगडाला किंवा लाकडाला दोऱ्याने बांधावं, मुळं स्वतःच पकड घेतात.

मावशी: आता खतांचं सांग. त्या छोट्या छोट्या बाटल्यांवर किती पैसे घालवतोस?

भाचा: एक रुपया नाही. माझा एक मित्र नाशिककडचा, द्राक्षबागायतदाराच्या घरचा. त्याने मला कृषी सेवा केंद्रात नेलं. ठिबकमधून द्यायची विद्राव्य खतं. तेरा-शून्य-पंचेचाळीस म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. शून्य-बावन्न-चौतीस म्हणजे मोनोपोटॅशियम फॉस्फेट. एकेक किलोची पिशवी आणली. साठ लिटरला एक ग्रॅम तेरा-शून्य-पंचेचाळीस टाकलं की नायट्रेट लिटरला दहा मिलिग्रॅमने वाढतं. फॉस्फेटच्या पिशवीतलं दशांश ग्रॅम पुरतं, त्याने एक मिलिग्रॅमच्या थोडं वर जातं. छोटा डिजिटल काटा घेतला आहे. त्या पिशव्या माझ्याच्याने संपणार नाहीत.

मावशी: वा! हे मला आवडलं. पण एकोणीस-एकोणीस-एकोणीस नाही ना आणलंस?

भाचा: नाही. दुकानदार तेच देत होता. त्यात युरिया आणि अमोनियाचं नत्र असतं. पेटीत मासे असताना ते घालणं म्हणजे त्यांना विष देणं.

मावशी: आणि किती घालायचं ते कशावरून ठरवतोस?

भाचा: ठरलेलं माप घालतो, आठवड्याला निम्मं पाणी बदलतो. त्यामुळे जास्त झालेलं साचत नाही.

मावशी: मी पानाकडे बघते. मुलांना मी शिकवायचे की वनस्पतीला काही द्रव्यं जुन्या पानातून काढून नव्या पानाला देता येतात, काही देता येत नाहीत. नत्र, पालाश, मॅग्नेशियम ही देता येण्यासारखी. ती कमी पडली की खालचं जुनं पान आधी बोलतं. नत्र कमी असेल तर अख्खं पान पिवळं. पालाश कमी असेल तर पानाला टाचणीने टोचल्यासारखी भोकं आणि त्यांच्या कडा पिवळ्या. मॅग्नेशियम कमी असेल तर शिरा हिरव्या, मधला भाग फिका. लोह आणि कॅल्शियम एकदा पानात गेलं की तिथून निघत नाही. म्हणून त्यांची टंचाई नव्या पानात दिसते. लोहाने शेंडा फिका पिवळा, जवळजवळ पांढरा. कॅल्शियमने नवं पान वाकडं आणि चुरगळलेलं. आधी कोणतं पान आजारी आहे ते बघायचं, मग पिशवी उघडायची.

भाचा: पण पान बोलेपर्यंत वाट बघायची म्हणजे वनस्पती आधीच उपाशी राहिलेली असते. माझ्या वेगात तेवढा उशीर परवडत नाही. एक पान बिघडलं की आठवड्यात त्यावर शेवाळ बसतं.

मावशी: ते तुझ्या वेगाला खरं आहे. माझ्याकडे पान बिघडायला महिना लागतो, तोवर मी सुधारू शकते.

मातीबद्दल मावशी फार बोलते, आणि ते ऐकण्यासारखं आहे, कारण परदेशी पुस्तकातली कृती जशीच्या तशी आपल्या मातीला लागू होत नाही. देशावरची काळी माती ओली झाली की फुगते, घट्ट बसते आणि तिच्यात हवा खेळत नाही. तळाशी सडक्या अंड्याचा वास येऊ लागला तर तो हायड्रोजन सल्फाइडचा, आणि त्यात मुळं काळी पडतात. तांबड्या मातीत लोह भरपूर, पण तीही बारीक असते. मावशी बागेतली जुनी, कुजून शांत झालेली माती चाळून घेते, आठवडाभर पाणी बदलत भिजवते, तरंगणारा कचरा काढून टाकते आणि त्यात थोडी तांबडी माती मिसळते. शेणखत अजिबात नाही, त्यातून अमोनिया सुटतो. मातीचा थर एका इंचाचा, त्यावर धुतलेल्या जाड वाळूचा तेवढाच. पहिल्याच दिवशी तळाचा बराचसा भाग झाकेल इतक्या वनस्पती. मासे काही आठवड्यांनी, पाण्यात अमोनिया शून्य असल्याची चाचणी करून. यातली वनस्पती भरपूर लावण्याची अट लोक पाळत नाहीत. पाच रोपं लावून उरलेला तळ मोकळा ठेवतात आणि मग माती वाईट म्हणतात.

भाचा: माती एकदा हलली की पेटी चिखल. माझी मांडणी मी चार महिन्यांनी बदलतो, मला ते चालणार नाही.

मावशी: मग तुला माती नको. जावा फर्न लाकडाला बांध, उरलेली छोट्या काचेच्या कुंड्यांत लाव. त्यात भांडण कसलं?

भाचा: उन्हाळ्याचं काय करतेस? मेमध्ये माझ्या पेटीचं पाणी बत्तीसवर जातं.

मावशी: छोटा पंखा पाण्यावर तिरका लावते. बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. उडालेल्या पाण्याच्या जागी आरओचं पाणी घालते, कारण क्षार उडत नाहीत, मागेच राहतात. आणि आरओ यंत्रातून बाहेर पडणारं टाकाऊ पाणी कुंड्यांना घालायला लोक साठवतात, ते पेटीत कधीच घालायचं नाही. क्षार त्यातच एकवटलेले असतात. नगरपालिकेच्या पाण्यातलं क्लोरीन मी हायपोने, म्हणजे सोडियम थायोसल्फेटने, काढते.

भाचा: मीही. त्या दिवसांत मी दिव्याचे तासही कमी करतो.

मावशी: आता मला ज्याची धास्ती वाटते ते विचारते. रात्रीचं काय?

भाचा: अंधारात वनस्पतीही प्राणवायूच घेते, हे माहीत आहे मला. सिलिंडरला सोलेनॉइड झडप आहे, टायमरवर. दिवा लागायच्या तासभर आधी वायू सुरू, दिवा मालवायच्या तासभर आधी बंद. रात्री एअर पंप. पेटीत ड्रॉप चेकर आहे. निळा म्हणजे वायू कमी, हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे धोका. पण तो तास-दोन तास मागे असतो, म्हणून त्याच्यापेक्षा मी माशांकडे बघतो. ते पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडमीट करायला लागले की वायू बंद, पंप सुरू.

मावशी: आणि तू ऑफिसात असशील तेव्हा?

भाचा: खरं सांगायचं तर ती जोखीम आहे. सिलिंडर संपत आला की स्वस्त रेग्युलेटरमधून उरलेला वायू एकदम सुटू शकतो. म्हणून मी दोन टप्प्यांचा रेग्युलेटर घेतला आणि काटा उतरायला लागला की सिलिंडर भरून आणतो.

मावशी: तेवढी काळजी तू घेतोस. जो वायूसाठी साखर आणि यीस्टची बाटली जोडतो तो काय करणार? ती रात्री बंद होत नाही.

भाचा: त्या बाटलीला माझाही विरोध आहे. पहिले काही दिवस जोरात, मग मंद, मग बंद. कार्बन असा वरखाली झाला की पानांच्या कडांवर काळं केसाळ शेवाळ येतं. वायू द्यायचा तर रोज सारखा द्यायचा, नाहीतर देऊच नये.

भाच्याचं हे शेवटचं वाक्य मला या सगळ्या वादातलं सर्वांत कामाचं वाटतं, कारण ते मावशीच्या पेटीलाही लागू आहे. तिच्याकडे कार्बन कमी आहे, पण तो रोज तेवढाच आहे, आणि कमी का असेना, ठरलेल्या मापाला पान स्वतःला जुळवून घेतं. माझा निर्णय असा: पहिली पेटी मावशीची असावी. दिवा सहा तास, वनस्पती भरपूर, मासे थोडे, पाणी ज्या प्रकारचं मिळतं त्याला मानवणारी जात. ही पेटी वर्षभर टिकवल्यावर ज्याला मांडणीची ओढ असेल, घरी रोज थांबायला वेळ असेल, त्याने भाच्याच्या वाटेने जावं, आणि जावं तर पूर्ण जावं: सिलिंडर, झडप, खत, पाणी बदलणं, छाटणी सगळ्यासह. जोरदार दिवा घेऊन बाकीचं टाळणं ही दोन्हींच्या मधली वाट मात्र कुणालाच सुचवू नये.

मावशी: आता तुझ्या वेगाबद्दल शेवटचा प्रश्न. दर रविवारी जी बादलीभर छाटणी निघते, ती कुठे जाते?

भाचा: थोडी मित्रांना देतो. उरलेली... सोसायटीमागच्या ओढ्यात टाकावी असं एकाने सुचवलं होतं. म्हणे तिथे छान वाढेल.

मावशी: छान वाढते हीच तर भीती आहे! आपली हायड्रिला १९५० च्या दशकात मत्स्यपेट्यांच्या व्यापारातून फ्लोरिडाला गेली आणि तिथली तळी, कालवे तिने बुजवून टाकले. आपल्याकडे कबोम्बा आली दक्षिण अमेरिकेतून, पेट्यांसाठी विकली जाणारी. केरळात कोळिक्कोडजवळच्या आवळा गावातला कालवा २०२० मध्ये तिच्या गुलाबी फुलांनी भरला, आणि लोक फोटो काढायला गर्दी करत होते. जलपर्णीचं तर मी सांगायलाच नको, तुझ्या पुण्यात नदीवर दरवर्षी दिसते. वनस्पतीला अख्खी फांदीही लागत नाही, एक पेर पुरतं.

भाचा: मी वाळवून कुंडीत घालतो.

मावशी: तेच कर. आणि उलट दिशेनेही तेवढंच सांभाळ. कासच्या पठारावरच्या पाण्यात वायतुरा येतो. पावसाळ्यात फुलतो, नंतर त्याचा कंद कोरड्या मातीत झोपतो. जगात तो फक्त आपल्या सह्याद्रीत आहे. तुमच्या छंदातलं कुणीतरी तो कंद उकरून पेटीत लावेल याची मला काळजी वाटते. बारा महिने पाण्यात आणि दिव्याखाली ठेवलास तर त्याला विश्रांती मिळणार नाही, तो मरेल, आणि पठारावरचाही एक कमी होईल.

भाचा: माझ्या ओळखीतल्या प्रत्येकाला मी हे सांगेन.

वाचकांनाही माझी तीच विनंती आहे. पेटीसाठी वनस्पती घ्या ती लागवडीतली, किंवा दुसऱ्याच्या पेटीतली छाटणी. रानातून, पठारावरून, देवराईतल्या ओढ्यातून काही उपटू नका. आणि पेटीतून निघालेलं प्रत्येक पान, प्रत्येक पेर उन्हात कडकडीत वाळवून मगच खतात घाला. तळ्यात, ओढ्यात किंवा गटारात टाकू नका.